वरच्या मजल्यावरचं चित्र

नवा कॉम्प्युटर आला त्याच दिवशी तपासनीसांनी जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. हा त्यांचा नोकरीतला नियम. लिफ्टची नवी दोरी बसली की जुनी तिथल्या तिथे उतरवायची, माळ्यावर ठेवायची नाही. नाहीतर पुढे कधीतरी कोणीतरी अतिशहाणा तीच परत चढवतो. दोऱ्यांच्या बाबतीत हा नियम अगदी बरोबर आहे. फक्त नवी दोरी वजन धरते की नाही, हे आधी बघून घ्यावं लागतं.

या नव्या यंत्राने वजन धरलं नाही. कॉम्प्युटर चालू झाला, गोड आवाजात वाजला, पडद्यावर डोंगर आणि तळं आलं, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून आलं की इंटरनेट नाही.

तपासनीस म्हणजे लिफ्टचे तपासनीस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. हयातभर त्यांनी परक्या इमारतींच्या लिफ्टमध्ये उभं राहून वर-खाली केलं होतं आणि ‘सुरक्षित’ असे शिक्के मारले होते. स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जात. कोणी विचारलंच तर म्हणत, “मला आतलं माहीत आहे.” एवढं ऐकलं की विचारणारेही पुढचे काही दिवस जिनाच चढत.

बायको कधीच सोडून गेली होती, फारसं न भांडता. लग्नही लिफ्टसारखंच आपोआप चालतं, अशी त्यांची समजूत होती, बायकोची नव्हती. राहिली एक लेक. ती समुद्रापलीकडे नोकरी करत होती आणि दर शनिवारी संध्याकाळी पडद्यावर यायची. तपासनीस त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून बसत. पँट घरचीच. पडद्यात तेवढं येत नाही, हे त्यांनी तपासून ठेवलं होतं.

गेल्या शनिवारी, जुन्या कॉम्प्युटरवर, लेक म्हणाली होती, “बाबा, आज पण तुमचा चेहरा हिरवा दिसतोय.”

“यंत्र जुनं झालंय. रंग दमलेत त्याचे.”

“नवा पाठवलाय मी. पण एक अट आहे. तुमचा तुम्ही लावायचा.”

“अट कसली त्यात?”

“मागे किल्ली घरात राहिली, तेव्हा तुम्ही रात्रभर जिन्यात बसून राहिलात, बाबा. सकाळी किल्लीवाला येईपर्यंत! एवढी घरं आहेत, एकाची बेल वाजवली नाहीत. मला सांगितलंत कधी, तर आठवड्याने, ते पण हसत हसत.”

“लोकांना कशाला त्रास?”

“तेच म्हणतेय मी. एकटं राहायचं तर एकट्याला सगळं जमायला हवं. पुढच्या शनिवारी नव्यावर दिसलात, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही दिसलात, तर येते आणि घर आवरते. माझ्याकडे मागची खोली पडूनच आहे.”

मागची खोली तपासनीसांनी पाहिली होती. खोलीला नाव ठेवायला जागा नव्हती. खिडकी होती, खिडकीतून शेजारची भिंत दिसत होती. आत इस्त्रीचं टेबल, एक व्यायामाची सायकल, तीन सुटकेसा. टाकवत नाही आणि लागतही नाही, असं सगळं तिथे नीट रचून ठेवलेलं होतं. सायकल आणि सुटकेसांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. तेव्हा ती त्यांच्या लगेच नजरेत भरली होती. धंद्याची सवय.

तर आता शनिवारच्या आत हे यंत्र बोलतं करायचं होतं.

त्यांनी लिफ्टसारखीच तपासणी लावली, वरून खाली. भिंतीवर कंपनीची पांढरी पेटी होती. पेटीवर हिरवा दिवा होता आणि तो लागलेला होता. पेटीतून निघालेली वायर टेबलापर्यंत येत होती. पूर्वी ती जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेली असे, आता नव्याच्या पाठीत खुपसली होती. वायर उपटून परत खुपसली. दुसऱ्या बाजूनेही खुपसली. पेटी बंद केली, चालू केली. दिवा गेला, आला, हिरवागार. सगळं सुरक्षित होतं, शिक्का मारावा इतकं. फक्त चालत नव्हतं.

मग कंपनीला फोन. आधी बराच वेळ एक बाई त्यांना सांगत राहिली की त्यांचा फोन तिच्यासाठी किती महत्त्वाचा आहे. इतक्या आपुलकीने त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं, पण ती टेप होती. मग खरी मुलगी आली.

“सर, पेटी बंद करून चालू केलीत का?”

“केली.”

“परत एकदा करता का, सर?”

तपासनीस रागावू शकत नव्हते. बंद पडलेल्या लिफ्टपुढे उभं राहून त्यांनी स्वतः आयुष्यभर हेच सांगितलं होतं. त्यांनी परत केली.

“कुठला दिवा लागलाय, सर?”

“हिरवा.”

“मग छान आहे, सर.”

“छान आहे तर चालत का नाही?”

“सर, हिरवा म्हणजे पेटीला वीज मिळतेय. लाइन आली असती तर शेजारी निळा लागला असता.” पलीकडे बोटं खटखटली. “सर... तुमच्या पत्त्यावर आमचं कनेक्शनच नाहीये. ते बंद केल्याला बरीच वर्षं झाली.”

“अहो, गेल्या शनिवारी मी लेकीशी बोललो.”

“आमच्यावरून नाही, सर.”

“मग कोणावरून?”

पलीकडे बोटं परत खटखटली. मग मुलगी म्हणाली, “सर, मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?”

तपासनीसांनी फोन ठेवला आणि पेटीकडे पाहिलं. दर रविवारी ते तिला ओल्या फडक्याने पुसत आणि मग कोरड्याने. वीज मिळत होती, दिवा लागत होता, आणि इतकी वर्षं ती कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

घरातलं इंटरनेट लावून दिलं होतं जावयाने. आता जावई माजी झाला होता. लेकीला विचारावं तर परीक्षेत परीक्षकालाच उत्तर विचारल्यासारखं. शेवटी त्यांनी माजी जावयालाच फोन लावला. त्याने ताबडतोब उचलला, यावरून त्याचंही फारसं बरं चाललेलं नसावं.

“बाबा! म्हणजे... काका. कसे आहात? सगळं ठीक ना?”

“बाबाच म्हण. घटस्फोट तू माझ्याशी नाही घेतलास.”

“हो बाबा,” तो म्हणाला. मग तपासनीसांनी अडचण सांगितली.

“अहो, ते तुमचं नव्हतंच, बाबा! तुमची लाइन दिवसातून सतरा वेळा तुटायची. बिल मीच भरायचो, मीच ती बंद करून टाकली. ते वरच्या काकूंचं वायफाय होतं.”

“कुठल्या वरच्या?”

“चौथ्या मजल्यावरच्या. शिवणवाल्या. मी वर जाऊन विचारलं, त्या लगेच खाली आल्या, स्वतः पासवर्ड टाकला आणि गेल्या. तुम्ही तेव्हा झोपला होतात. मी तुम्हाला सांगितलं की!”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, ‘झालं, बाबा.’”

“आणि ती वायर?”

“ती नुसतीच होती. काढली असती तर तुम्ही दहा प्रश्न विचारले असते.” तो हसला. “काकू चांगल्या आहेत, बाबा. जा वर, विचारा. आणि... ती बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“बरं,” माजी जावई म्हणाला. तोही मागच्या खोलीतल्यांपैकीच एक होता, हे तपासनीसांच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं.

आता वरच्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या नाटकवाल्यांचे कपडे शिवत. राजे, शिपाई, पऱ्या, भुतं, सगळ्यांचे. मशीन होतं नेमकं तपासनीसांच्या बैठकीच्या डोक्यावर, आणि एखाद्या नाटकात सैन्य असलं की खालच्या घरात महिनाभर लढाई चाले. तपासनीसांनी एकदा जिन्यात तोंडी हरकत घेतली. बाई म्हणाल्या, “साहेब, राजाला उघडा कसा पाठवू?” तेव्हापासून बोलणं बंद. त्यानंतर तपासनीसांनी सगळं लेखी केलं. इमारतीच्या समितीला ईमेल: ‘चौथ्या मजल्यावरून सतत होणाऱ्या यांत्रिक खडखडाटाबाबत.’ मग ‘पूर्वीच्या निवेदनास अनुसरून.’ मग ‘बाल्कनीत पडणाऱ्या सोनेरी धाग्यांबाबत’. हे धागे पुरावा म्हणून ते एका पाकिटात जमवत होते. प्रत्येक ईमेल ‘पाठवा’वर बोट दाबून त्यांनी समाधानाने सोडली होती.

आणि प्रत्येक ईमेल आधी वर बाईंच्या घरी जाऊन मगच समितीकडे गेली होती. बाईंच्याच खांद्यावर बंदूक ठेवून त्यांनी बाईंनाच गोळी घातली होती, तीही अर्धा डझन वेळा, आणि विषयाची ओळ ठळक अक्षरांत टाकून.

शुक्रवारी सकाळी ते वर गेले. एक मजला, पण वाटेत दोनदा थांबले. काय बोलायचं ते जुळवत होते. ‘आपणास विदित असेलच की’ हे जिन्यात बोलायला जड पडतं. ‘बाई, जरा पासवर्ड देता?’ हे ताकाला जाऊन भांडं न लपवण्याइतकं सरळ होतं, आणि तितकं सरळ बोलायची त्यांना सवय नव्हती. दारापाशी पोचले. आत मशीन चालू होतं. थांबलं की बेल वाजवू, असं त्यांनी ठरवलं. मशीन थांबलं. त्यांनी बोट बेलपर्यंत नेलं. आत बाई खोकल्या. खोकणाऱ्या माणसाला कशाला त्रास, म्हणून तपासनीस परत खाली आले.

दुपारी पुन्हा गेले. या वेळी चौथ्या मजल्यावरचा कोणीतरी लिफ्टमधून बाहेर पडला आणि म्हणाला, “काय तपासनीस, वर कुठे?”

“लिफ्टचं दार बघायला,” तपासनीस म्हणाले, आणि मग त्यांना ते खरोखरच बघावं लागलं. दार सुरक्षित होतं.

शनिवार उजाडला. त्यांनी शर्टाला इस्त्री केली. कॉम्प्युटर लावून ठेवला. त्यात आसपासच्या घरांची वायफाय ओळीने दिसत होती, प्रत्येकापुढे एक बारकं कुलूप. एवढी माणसं चारी बाजूंनी, भिंतीतून आरपार येत होती, आणि सगळी कुलूपबंद. दुपारभर ते त्या कुलपांकडे बघत बसले. मग उठून त्यांनी माळ्यावरची सुटकेस खाली काढली, आत काय मावेल याचा अंदाज घेतला, आणि झाकण उघडंच ठेवून परत खुर्चीत बसले. लेकीच्या खोलीत अशा तीन होत्याच. ही चौथी.

तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, मुठीने, धडाधड.

दारात वरच्या बाई होत्या. गळ्यात मापाची टेप, टेपला अडकवलेली कात्री, ओठात एक टाचणी. धापा टाकत होत्या. तपासनीसांना आपादमस्तक पाहून त्यांनी टाचणी काढली आणि पदराला टोचली.

“आहात,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे जिवंत आहात. मग हालचाल का नाही?”

“कसली हालचाल?”

“माझं चित्र अडकेना!” बाई चिडून म्हणाल्या. “मी संध्याकाळी काज-बटणं करताना मालिका बघते. तुम्ही खाली यंत्र लावलंत की माझं चित्र अडकतं. नायिका तोंड उघडून थांबते, गोल गोल फिरत बसतं ते. शनिवारी तर हमखास. वर्षानुवर्षं मी एक भाग सलग बघितलेला नाही. आणि या आठवड्यात बघावं तर रोज सगळं सुरळीत! झरझर! काल नायिकेचं लग्नसुद्धा लागलं, मधे कुठे थांबलं नाही. म्हटलं, खालचा माणूस गेला की काय?”

तपासनीस दारातून बाजूला झाले. “या,” ते म्हणाले. “कॉम्प्युटर बदलला मी.”

“मग सांगायचं नाही? काल दोनदा दारापर्यंत येऊन गेलात. मी भिंगातून बघत होते.”

“आपण खोकत होता.”

“खोकले, कारण तुम्ही बेल वाजवेनात! माणसाने आणखी काय करायचं?” बाई आत आल्या. उघडी सुटकेस पाहिली, तिला वळसा घालून पुढे झाल्या. “किल्ली आत राहून जिन्यात बसला होतात तेव्हाही मी दोनदा उगाच खाली-वर केलं. म्हटलं, आता तोंड उघडतील, मग उघडतील. तुम्ही आपले लिफ्टकडे बघताय.”

“आपलं वायफाय मी... मला कल्पना नव्हती. आणि ती निवेदनं—”

“सगळी ऐकली आहेत मी. समितीचे चिटणीस मोठ्याने वाचून दाखवतात. भाषा चांगली आहे हो तुमची. ‘यांत्रिक खडखडाट’! एका नाटकवाल्याला ऐकवली, तो म्हणाला, याला घ्या आमच्यात.” त्या खुर्चीत बसल्या. “कुठे टाकायचं? आणि तिकडे तोंड करा. पासवर्ड मी कोणाला दाखवत नाही.”

तपासनीस शिक्षा झालेल्या मुलासारखे भिंतीकडे तोंड करून, पेटीसमोर उभे राहिले. मागून एका बोटाने टकटक ऐकू येत होतं. भिंतीलाच ते म्हणाले, “आपण तोडलं का नाहीत? पहिल्या तक्रारीनंतर?”

“तोडणारच होते. पासवर्ड बदलायला बसलेसुद्धा होते. पण नेमका शनिवार होता. तुम्ही हसलात लेकीशी बोलताना. वर ऐकू येतं. आठवड्यातून तेवढं एकदाच ऐकू येतं.” टकटक थांबली. “म्हटलं, हे तोडलं की खाली नुसतं फर्निचर राहील. झालं. वळा.”

कोपऱ्यातली बारीक अक्षरं गेली होती.

“चहा टाकतो,” तपासनीस म्हणाले. हे वाक्य त्यांनी शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवेना. घरात दुसरा कप कुठे आहे, तेही.

“नको. सोमवारी भुतं न्यायला येतायत, त्यांचे अजून हात शिवायचे बाकी आहेत.” बाई दाराकडे गेल्या. “तुमची लेक यायची वेळ झाली. आणि मला आजचा भाग बघायचाय, तर लवकर उरका.”

त्या लिफ्टने वर गेल्या. तपासनीस दारात उभे राहून कान देऊन ऐकत होते. लिफ्टने कसलाही वावगा आवाज केला नाही.

वेळेवर लेक पडद्यावर आली. नव्या कॉम्प्युटरवर ती इतकी स्वच्छ दिसत होती की तपासनीस दचकले. तिच्या केसांत पांढरे आले होते. जुन्याने ते इतके दिवस सांगितलंच नव्हतं.

“अरे वा, बाबा! गोरे दिसताय. लावलंत तुम्ही?”

“लावलं.”

“एकट्याने?”

तपासनीस खोटं बोलत नसत. तपासणीत खोटं पडलं की माणसं खाली पडतात. ते क्षणभर थांबले, आणि नेमक्या त्याच क्षणी डोक्यावर ठाक ठाक झालं. मशीन नव्हे. टाच.

“कसला आवाज तो?” लेक म्हणाली. “त्या शिवणवाल्या का? अजून चालूच आहे त्यांचं? समितीला लिहा ना, बाबा.”

“काही नाही गं,” तपासनीस म्हणाले. “वरच्यांचं चित्र अडकलंय.” आणि हसले.

लेकीला काही कळलं नाही, पण तीही हसली. मग म्हणाली, शब्दाला जागते मी, घराचा विषय संपला, राहा तुम्ही तिथेच. मग तिचं जेवण करपायला लागलं, मग तिला कोणाचा तरी फोन आला, मग पुढच्या शनिवारी नक्की. पडदा बंद झाला, डोंगर आणि तळं परत आलं.

एकटं राहण्याच्या परीक्षेत तपासनीस पास झाले होते. बक्षीस म्हणून त्यांना एकटं राहायला मिळालं होतं. त्यांनी सुटकेस माळ्यावर टाकली, पाकिटातले सोनेरी धागे बाहेर काढून उजेडात बघितले आणि परत ठेवले. वर मालिका चालू झाली असावी. मधूनच गाण्याचा तुकडा ऐकू येत होता, सलग, न अडखळता. खाली काहीच ऐकू येत नव्हतं.

इस्त्रीचा शर्ट न काढताच ते परत खुर्चीत बसले. शोधता शोधता त्यांना कुठल्यातरी उंच इमारतीतल्या लिफ्टची फिल्म सापडली, चांगली लांबलचक, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. त्यांनी ती पूर्ण पडदाभर केली, सर्वांत स्पष्ट दिसेल अशी लावली, आणि छताकडे बघत वाट पाहू लागले.

लिफ्ट वर जात राहिली. वरचं गाणं थांबलं. पावलं आली, थेट डोक्यावर, आणि टाच आपटली. ठाक ठाक.

तपासनीसांनी ऐकलं. फिल्म बंद करायला त्यांनी बोट पुढे केलं, आणि तसंच धरून ठेवलं. पावलं अजून गेली नव्हती.